आमच्या विहीणबाई रागावतात तेव्हा

आमच्या विहीणबाईंसारखं रागावणारं माणूस अख्ख्या खानदेशात दुसरं नसेल. मी जळगावला मेहरूणमध्ये राहते, त्या धुळ्याला देवपुरात. मध्ये एवढं अंतर आहे म्हणूनच मी हे धिटाईने लिहितेय. त्यांचा आवाज चढला की पांझरा नदीपलीकडचे लोक खिडक्या उघडतात, असं त्यांचे यजमान म्हणायचे आणि स्वतः मात्र हळूच खिडकी लावून घ्यायचे. एकदा स्टँडवर काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्याकडे कंडक्टरने बघून न बघितल्यासारखं केलं आणि घंटी मारली, तर या बाई पर्स छातीशी धरून गाडीच्या पुढ्यात उभ्या! ड्रायव्हर ओरडला, "मावशी, मरायचंय का?" "मरणाचं माझं मी बघते, तू आधी दार उघड!" म्हाताऱ्याला आपली जागा देऊन पारोळ्यापर्यंत उभ्याने गेल्या. चर्चमध्ये पंचांच्या सभेत त्या बोलायला उठल्या की पाळकसाहेब चष्मा काढून पुसायला घेतात. समोरचं धूसर दिसलेलं बरं, असं वाटत असावं त्यांना.

पण स्वतःचं काही बिनसलं तर ही बाई मुकी. शेजारणीच्या शेळीने अंगणातली मेथी मुळासकट खाल्ली, तर आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासत बसल्या. मी विचारलं, "तिकडे एवढ्या गरजता, मग इथे का गप्प?" तर म्हणाल्या, "अक्का, प्रभूने मंदिरात व्यापाऱ्यांचे चौरंग उलथे केले. पण लोक त्याच्याच तोंडावर थुंकले, तेव्हा बोलला का तो काही? मेथीसाठी बोंबलणारी मी कोण?"

माझ्या मुलीचं त्यांच्या मुलाशी लग्न झालं तो शनिवार मी विसरायची नाही. चर्चमधला विधी झाला, कार्यालयात जेवणं उरकत आली, चार वाजले, आणि मागच्या बाजूने विहीणबाईंचा आवाज आला. आम्ही ख्रिस्ती असलो तरी मानपान काही आम्हाला सोडून गेलेला नाही. आणि इथे तर वरमाईच रागावलेली. पोरगी अजून सासरी पोचायची होती. "साडी आवडली नसेल, दुसरी काढा!" असं कोणीतरी म्हणालं. आमचे हे धावत ताटात दुसरी साडी घेऊन गेले. "विहीणबाई, चुकलं आमचं, ही घ्या." त्यावर बाई ज्या कडाडल्या! रागात त्या थेट अहिराणीवर येतात. "बठ्ठासनं जेवण व्हयनं! या बायास्ले पोट नही शे का?"

सगळ्यांची जेवणं झाली होती, आणि भांडी घासणाऱ्या तिघीजणी सकाळी सातपासून उपाशीपोटी राबत होत्या, चहालाही कोणी विचारलं नव्हतं. विहीणबाईंनी त्यांना हात धरून नवरा-नवरीसाठी सजवलेल्या टेबलावर बसवलं आणि स्वतः वाढायला लागल्या. नवरदेव "आई, आज तरी!" म्हणत आला, तर त्याच्या हातात पाण्याचा जग दिला. तोही बिचारा वाढत फिरला. मला वाटलं, देव रागावत असेल तर असाच रागावत असेल.

दुसऱ्या दिवशी रविवार. पावणेनऊला दार वाजलं, बघते तर विहीणबाई, एकट्या. घरात नवी सून, पाहुण्यांचा गराडा, सगळं टाकून पहिल्या गाडीने आलेल्या. मी घाबरून विचारलं, "पोरीला काही झालं का हो?"

"तिला काय होतंय, झोपलीय. बसा तुम्ही, मला बोलू द्या. कालचा राग त्या बायांसाठी होता, त्याची माफी मी मागणार नाही. पण अक्का, त्यात थोडा माझाही होता. तुम्ही दिलेली ती राखाडी साडी बघून सकाळीच माझं मन खट्टू झालं होतं. नुसता बायांसाठी राग असता, तर तुमच्या यजमानांना बाजूला घेऊन सांगितलं असतं. चारचौघांत ओरडले, ते साडीपायी. त्या बायांच्या आडून मी माझं उट्टं काढलं. तेवढ्याची माफी करा. आज चर्चमध्ये प्रभुभोजन आहे, असल्या मनाने द्राक्षारसाच्या प्याल्याला हात कसा लावू?"

आपल्या रागात आपला भाग किती, हे रात्रभर शोधत बसणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

आता खरं सांगते. त्यांच्यासाठी मी मोरपिशी साडी आणली होती, चांगली भारी. पण साखरपुड्याला त्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या, "अक्का, वांग्याच्या भरतात धूर जरा कमी पडला." भरतासाठी नावाजलेल्या जळगावच्या बाईला! मी हसले. आवाज नाही, आदळआपट नाही. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी ती मोरपिशी माझ्या बहिणीला देऊन टाकली आणि विहीणबाईंच्या ताटात ती राखाडी ठेवली.

त्या सकाळीच हे बोलायला हवं होतं. मी आपलं "अहो, सोडा हो" म्हणत चहा टाकला. मग आम्ही दोघी आमच्या चर्चमध्ये शेजारी शेजारी बसलो, दोघींनी प्याला घेतला. त्यांचा चेहरा कसा धुतल्यासारखा दिसत होता. माझा घोट कसा उतरला, ते माझं मला ठाऊक.

आता त्यांचे गुडघे गेलेत, आवाजही बसलाय. मी धुळ्याला जाते ती दर वेळी साडीचं खरं सांगायचं ठरवून जाते, आणि जेवून, गप्पा मारून तशीच परत येते. त्या रागावतील ही भीती नाही हो मला. त्या हसतील, "एवढंच ना, अक्का?" म्हणतील आणि मला लगेच जवळ घेतील. तेच सोसवेल की नाही, कळत नाही.