ताईंचा लॉग कुणी उघडायचा

शैलाताई काल गेल्या.
एका गोष्टीवर आमचं शेवटपर्यंत पटलं नाही. आता भांडायला समोर कुणी नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ताई कळंबच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि हॅम होत्या. म्हणजे रीतसर लायसन काढून वायरलेस सेटवरून जगभर बोलणाऱ्या.
त्यांचा भाऊ सैन्यात सिग्नलमध्ये होता, त्यानं शिकवलं.

मी त्याच गावचा, येरमाळा रोडवरचा. रेडिओ रिपेअरिंगचं दुकान होतं माझं. लायसन मलाही होतं.
आणखी एकजण होता. तिघांचा मिळून आमचा क्लब. हसू नका.

ऐंशीच्या दशकातला दुष्काळ. जनावरं छावणीत गेली, डेअरीला दूध येईना. दूध सोसायटीची एक खोली नुसती पडून होती.
चेअरमन आण्णांनी ती क्लबला दिली. भाडं नाही. अट एकच. सोसायटीच्या छताखाली जे चालतं त्याचं वार्षिक सभेत वाचन झालं पाहिजे.

आता आमच्याकडं वाचायला काय होतं? स्पर्धेचा लॉग.
हॅम लोकांच्या स्पर्धा असतात. ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त देशांतल्या जास्तीत जास्त लोकांशी संपर्क करायचा. कुणाशी, किती वाजता, कुठल्या बँडवर, हे लिहून ठेवायचं. तो लॉग पोस्टानं आयोजकांकडं जायचा. बाकी कुणी बघायचं नाही.

मी म्हणालो, वाचा की. लॉग उघडे असले की चोरटेपणा चालत नाही. सोसायटीचा हिशेब वाचतात तसा हाही वाचा.
माझं हे मत तेव्हाही होतं, आजही आहे.

ताईंनी साफ नाही म्हणून सांगितलं.
"सुभाष, तुझा लॉग वाचला तर तुझे मार्क जातील. माझा वाचला तर माझा सेट जाईल."

खरं होतं. दिवसा शाळा, त्यामुळं ताईंचे निम्मे संपर्क पहाटेचे. पलीकडं सगळे पुरुष.
गावात आधीच कुजबुज होती की मास्तरीणबाई पहाटे उठून परदेशी माणसांशी काय बोलतात देव जाणे. सासूबाईंच्या कानावर गेलंच होतं. त्यांनी नुसतं म्हटलं असतं की बास आता, तर सेट त्याच दिवशी माळ्यावर गेला असता. ताईंचे यजमान आईच्या शब्दाबाहेर नव्हते.

पण आण्णा अटीवरून हटेनात, लॉग द्यावाच लागला. सभा भरली. सेक्रेटरींनी ताळेबंद वाचला, मंजूर मंजूर झालं. मग त्यांनी ताईंचा लॉग हातात घेतला.

ताई उठल्या. पुढं गेल्या आणि त्यांच्या हातातून कागद घेतले. म्हणाल्या, माझा आहे, मी वाचते.
पहिल्या रांगेत सासूबाई बसलेल्या.

"पहाटे चार वाजून दहा मिनिटं. जपान. फाइव्ह नाइन, शून्य शून्य एक."
"चार बारा. जपान. फाइव्ह नाइन, शून्य शून्य दोन."

स्पर्धेत एवढंच बोलतात हो. आवाज कसा येतो त्याचा आकडा आणि आपला अनुक्रमांक. नमस्कारालासुद्धा सवड नसते. पण गावाला हे कोण सांगणार?
बायका कान टवकारून बसल्या होत्या. दुसऱ्या पानाला त्या आपसात बोलायला लागल्या.
एका म्हाताऱ्यानं विचारलं, बाई, तिकडं पाऊस हाय का ते तरी विचारायचं. ताई म्हणाल्या, न्हाय विचारलं आजोबा.

तिसऱ्या पानाला मागून कुणीतरी "मंजूर!" म्हणालं. मग सगळेच म्हणायला लागले. सोसायटीच्या सभेची सवय, लांबलं की मंजूर.
ताई थांबल्या नाहीत. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. आण्णांना डुलकी लागली होती.

घरी जाताना सासूबाई म्हणाल्या, "एवढंच बोलतीस व्हय? नुसतं आकडं?"
ताई म्हणाल्या, व्हय आत्या.
"मंग उठत जा की. पर च्या पिऊन बस, उपाशीपोटी नगं."
हे ताईंनीच मला नंतर सांगितलं. सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी मात्र दुसऱ्या दिवशी कॉलर ताठ करून गेलो. बघा ताई, उघड केल्यानं काही बिघडलं का?

त्या सोल्डरिंग करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,
"मी वाचलं म्हणून नाही बिघडलं. सेक्रेटरींनी वाचलं असतं तर पहाटेच्या प्रत्येक ओळीला थांबून बायकांकडं बघितलं असतं."

मी नुसता आवाज चढवला. तसंच असतंय माझं.

आण्णांनी पुढच्या वर्षी हात जोडले. तुमचं ते नका वाचू बाबा, माणसं उठून जातात. खोली तेवढी राहिली.

आता बऱ्याच मोठ्या स्पर्धांचे लॉग नेटवर उघडे असतात. माझंच खरं झालं असं मी ताईंना दरवर्षी ऐकवायचो. त्या आपला लॉग पाठवायच्या, स्वतः, आणि म्हणायच्या, "मी पाठवला. कुणी काढून घेतला नाही." झालं, परत भांडण.

काल बुद्धवंदना झाली. नंतर हॅम लोकांच्या ग्रुपवर मेसेज आला. ताईंचे जुने लॉग स्कॅन करून नेटवर टाकू या, श्रद्धांजली म्हणून. ताईंच्या लेकीला विचारलं तर ती म्हणाली, सुभाषकाका सांगतील तसं.

लॉग उघडेच असावेत असं म्हणणारा आख्ख्या जिल्ह्यात मी एक. मीच नाही म्हणालो.
ते टाकायचे की नाही हे ताईंनी ठरवलं नव्हतं. आता त्या ठरवणार नाहीत.

लॉगच्या पेटीला कुलूप लावून लेकीकडं किल्ली दिली. वाईट वाटतंय. लई वाटतंय.

हॅमची भाषा म्हणजे निरोप घेताना सेव्हन्टी थ्री म्हणायचं.
सेव्हन्टी थ्री, ताई. या वेळी तुमचं खरं.