गुणाकाकांचं पहिलं सुतक

घरात कोणी नाही, तरी खोलीचं दार लावून लिहायला बसलोय. यावरूनच तुम्हाला माणूस कळावा. जे सांगणार आहे त्यातलं अर्धं माझ्या बायकोला ठाऊक आहे. उरलेलं अर्धं, म्हणजे खरं जे आहे ते, माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं. सोपं तेच निवडायची सवय आहे मला.

मी लालबागचा. वडील गिरणीत होते. आम्ही चाळीत वाढलो आणि चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आता अठराव्या मजल्यावर राहतो. नोकरी लोअर परळला, काचेच्या इमारतीत. जिथे वडील साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहायचे तिथून हाकेच्या अंतरावर मी एसीत बसून दुसऱ्यांच्या कामात चुका काढतो. एकदा ऑफिसातली एक मुलगी म्हणाली, तुम्ही लालबागचे? वाटत नाही. तिला ते दुसऱ्या मिनिटाला आठवतही नसेल. मी मात्र ते वाक्य जपून ठेवलं — लोक देव्हाऱ्यात टाक ठेवतात तसं. काय म्हणाल अशा माणसाला?

वैजू माझी बायको. दादरला एका सहकारी बँकेत काउंटरवर असते. काचेपलीकडच्या कमी ऐकू येणाऱ्या पेन्शनरांशी बोलून बोलून तिचा आवाज मोठा झालाय, आणि घरीही ती त्याच आवाजात बोलते. हसते तेव्हा तर पॅसेजमध्ये ऐकू जातं.

लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. वैजूच्या मनात आलं, नाशिकला जायचं, द्राक्षांच्या मळ्यात. बँकेतल्या कोणीतरी तिला फोटो दाखवले होते: मळ्याला लागून खोली, खिडकीतून धरणाचं पाणी, संध्याकाळी बाहेर बसून वाईन. आपण दोघंच, ती म्हणाली. आणि खरंच, दोघंच असे आम्ही कुठे गेलोच नव्हतो. लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो तेव्हा माझी आई बरोबर. पुढे मुलगी झाली, ती आता सासरी. गावी जायचं तर सगळी भावकी.

मी हो म्हणालो. का नाही म्हणणार? ऑफिसात मी वाईनमधला जाणकार होतो ना! पेला उजेडात तिरका धरायचा, हलकेच फिरवायचा, नाक खुपसायचं, मग काहीतरी अर्धवट पुटपुटायचं — हे सगळं मी मोबाइलवर बघून शिकलो होतो. पार्टीत पोरंसोरं मला विचारायची, हिच्याबरोबर काय खायचं? मी सांगायचो. खरं विचाराल तर मला ती वाईन आंबट लागते. रेड असो, व्हाइट असो, आंबट.

तर वैजूची तयारी सुरू झाली. तिने दादरहून गवती टोपी आणली, रुंद काठाची, निळी रिबीन लावलेली. गाऊनवर ती टोपी घालून ती ओट्यापाशी उभी राहिली आणि पोळ्या लाटल्या. उंच दांड्याचे दोन काचेचे पेले आणले. सवय हवी म्हणून त्यात कोकम सरबत ओतून, करंगळी वर करून प्यायली. मळ्यावर फोन लावला तो स्पीकरवर, काउंटरच्या आवाजात: "अहो, वाईनबरोबर तिखट काही देता का तुम्ही? चीज नको, काहीतरी तिखट. आणि ती द्राक्षं तुडवायची असतात, तिथे लोकांना आधी पाय धुवायला लावता ना?"

मी हसलो. तिला वाटलं, मी कौतुकाने हसलो. ते कौतुक नव्हतं. काय होतं ते तेव्हाच मला कळलं होतं, पण मी त्याच्याकडे पाठ केली.

निघायच्या दोन दिवस आधी मी तिला सांगितलं की गुणाकाका गेले.

गुणाकाका म्हणजे माझे लांबचे चुलते. गावी वाडीत एकटे राहत. वैजूने त्यांना एकदाच पाहिलं होतं, लग्नानंतर कुलदेवतेला गेलो तेव्हा, तेही पाठमोरे. ते मेले नव्हते. त्या दिवशी ते बहुधा पडवीत बसून विडी ओढत असतील. पण भावकीतलं माणूस गेलं की आम्हाला दहा दिवस सुतक. देवाला दिवा नाही, गोडधोड नाही, मासे नाहीत, सण नाही आणि मौजमजा तर नाहीच. म्हटलं, ग्रुपवर निरोप आलाय. भावकीच्या त्या ग्रुपवर फक्त पुरुष आहेत. मुंबईत आमच्या भावकीचं दुसरं एकच घर, अँटॉप हिलला, चुलतभावाचं. त्याच्याशी गावच्या एका फणसाच्या झाडावरून आमचं बोलणं बंद. म्हणजे वैजू विचारणार कोणाला? सगळं नीट योजलेलं. मळ्यात जायचं तिने आठवडाभर खपून ठरवलं, मी ते एका वाक्यात मोडलं.

तिने मोबाइल बघायला मागितला नाही. म्हणाली, "अरेरे. एकटेच होते ना बिचारे?" आणि उठून आधी देवापुढचा दिवा शांत केला. मग मळ्यावर फोन लावला. या वेळी स्पीकर नाही, आवाजही नाही.

त्या दहा दिवसांबद्दल काय सांगू? मी निवांत होतो. वैजू मात्र गुणाकाकांचं सुतक असं पाळत होती की त्यांच्या सख्ख्या लेकीने पाळलं नसतं. तिच्या माहेरचं कोणी गेलं तर तिला तीन दिवस, आणि माझ्या धड न पाहिलेल्या चुलत्यासाठी दहा. असल्या रिवाजांना मी ऑफिसात नाकं मुरडायचो. वेळ आली तेव्हा त्याच रिवाजाच्या पदराआड लपलो.

आणि मधेच तिच्या आईची पंचाहत्तरी आली. शपथ घेऊन सांगतो, ती माझ्या लक्षात नव्हती. (शपथेला माझ्या काय किंमत आहे, ते आता तुम्हाला कळलंच असेल.) फणसवाडीतल्या त्यांच्या जुन्या घरी पूजा होती. पंचाहत्तर दिव्यांनी आईला ओवाळायचं होतं, आणि ते ताट लेकीने धरायचं. तिच्या भावाचा फोन आला, आईचा आला. आई म्हणत होती, दारात उभी राहून बघून जा गं. वैजू म्हणाली, "नको आई. शुभ कार्यात कशाला? तुला काही व्हायला नको." फोन ठेवून ती गॅलरीत गेली आणि आधीच वाळलेले कपडे पुन्हा झटकून झटकून दोरीवर टाकत राहिली.

तेव्हा बोलता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं की वैजू, साडी बदल, गुणाकाका जिवंत आहेत. लालबागहून फणसवाडी ती किती लांब? टॅक्सीने वेळेत पोचली असती. मी पेपर वाचत होतो. त्यात काय होतं ते आठवत नाही, पण पान उलटल्याचं आठवतं.

आता तुम्ही विचाराल, पण का? जायचं नव्हतं तर नाही म्हणायचं. काम निघालं म्हणायचं. पाठ धरली म्हणायचं. माणसं मारायची काय गरज?

सांगतो. इथपर्यंत आलोय तर सांगतोच.

माझा साहेब माझ्याहून पंधरा-एक वर्षांनी लहान आहे. मला काका म्हणतो. त्याला वाटतं त्यात आपुलकी आहे. त्या आठवड्यात कॉफी घेताना तो म्हणाला की शनिवारी तो नाशिकला चाललाय, आणि मळ्याचं नाव घेतलं. आमचाच मळा. माझ्या तोंडून निघून गेलं, आम्हीपण. तो खूश. "सही आहे काका! मग रात्री एकत्रच जेवू. काकूंना भेटायचंच आहे कधीचं."

आणि उभ्या उभ्या मला सगळं दिसलं. टोपी दिसली. करंगळी दिसली. ती मळ्याच्या माणसाला विचारणार, तिखट काय आहे? पर्समधून आवळासुपारी काढून साहेबाच्या बायकोपुढे धरणार. मी पेला तिरका धरला की मोठ्याने विचारणार, अहो, काय बघताय, केस पडलाय का? आणि हसणार. आणि साहेब माझ्याकडे बघणार, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि त्याला कळणार की हा लालबागचाच.

मला माझ्या बायकोची लाज वाटली.

बस. हेच ते. घशात इतकी वर्षं अडकलेलं वाक्य लिहून बघितल्यावर किती छोटं दिसतंय. माझ्या आईचं आजारपण जिने शेवटपर्यंत हसत हसत काढलं, अठराव्या मजल्यावर आल्यावरही जी पहिल्या मजल्यापर्यंतच्या सगळ्यांची नावं जाणते, तिची लाज. आणि वाटली कोणापुढे? मला काका म्हणणाऱ्या त्या पोरापुढे!

सोमवारी साहेबाने फोटो दाखवले. तो बायकोला घेऊन गेलाच नव्हता, आईला घेऊन गेला होता. साताऱ्याकडची बाई, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. एका फोटोत द्राक्षांच्या ओळीत उभी राहून हातात पेला, तोंड असं वाकडं की कारलं खाल्लंय. तो कौतुकाने सांगत होता, "आई म्हणते कशी, यापेक्षा आमचा उसाचा रस बरा. सगळे हसून हसून पडले. काकू असत्या तर जमलं असतं हो दोघींचं."

जमलं असतं. मीही तेच म्हणालो.

पुढे ते पेले शोकेसमध्ये राहिले. मग एक दिवस बघितलं तर देव्हाऱ्याशेजारी आले होते. एकात फुलवाती, एकात लांब वाती. टोपी कपाटावर गेली. नाशिकचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. मी तर काढणारच नव्हतो.

दोनेक वर्षं गेली. मग गुणाकाका खरंच गेले.

भांडण कितीही असो, मरणाचा निरोप भावकीत द्यावाच लागतो. एवढी साधी रीत मी माझ्या योजनेत धरलीच नव्हती. अँटॉप हिलच्या चुलतभावाने आधी मला फोन केला. मी मीटिंगमध्ये होतो. मग त्याने वैजूला केला. नंतर तो मला म्हणाला, वहिनी एकदम गप्पच झाल्या रे, फार माया होती वाटतं काकांवर. आधी विचारलं, कधी गेले? मी म्हटलं, आज पहाटे. तर म्हणाल्या, आज? आणि फोन ठेवला.

संध्याकाळी घरी आलो. दार उघडं, उदबत्तीचा वास. देवापुढे दिवा लावलेला, वातीवर अजून काजळीही धरलेली नाही, म्हणजे नुकताच. मी दारातच थांबलो.

"अगं, दिवा —"

"गुणाकाकांचं माझं पाळून झालंय," ती म्हणाली. आवाज काउंटरचा नव्हता, हळू होता. "दहाच्या दहा दिवस. आता तुम्ही पाळा."

मी पाळलं. एका घरात दोघं, आणि सुतक एकट्याला. मला ती फोडणी न दिलेलं वरण वाढायची, आणि स्वतःसाठी बांगडे तळायची. कधी नव्हे ते रोज तळले. शनिवारी मैत्रिणींबरोबर नाटकाला गेली. रविवारी फणसवाडीला आईकडे गेली ती रात्री उशिरा आली, हातात पेढे. मला दिले नाहीत. सुतकात गोड चालत नाही. अकराव्या दिवशी तिने वाटीत गोमूत्र घेतलं आणि माझ्या एकट्यावर शिंपडलं. घरावर नाही. घर तिने बाटवलंच नव्हतं.

मी वाट बघत होतो. आता विचारेल. विचारलं की सगळं सांगून टाकायचं, असं त्या दहा दिवसांत मनाशी ठरवलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं.

तिने विचारलंही. वाटी धुता धुता, माझ्याकडे न बघता.

"नाशिकला यायचा कंटाळा आला होता, तर तसं सांगायचं ना. मी काय ओढून नेणार होते तुम्हाला?"

मी तिच्या पाठीकडे बघत उभा होतो. वाक्य तोंडात होतं.

"हो गं," मी म्हटलं. "कंटाळाच आला होता."

"हं," ती म्हणाली. तिला पटलं. कंटाळलेले नवरे तिने खूप बघितलेत. तिच्या वडिलांपासून माझ्या वडिलांपर्यंत सगळे तेच. त्यांना माफ करायचं असतं हे तिला ठाऊक होतं, तसं तिने मला केलं. आणि मी, जे केलंच नव्हतं त्याची माफी, मान खाली घालून घेतली.

मग तिने हात पुसले, काचेच्या पेल्यातून एक वात उचलली आणि मला म्हणाली, "लावा आता तुम्ही."

मी दिवा लावला.