आत्याच्या खिडकीतला व्हिडिओ

छत्तीसगडचं मंत्रालय रायपूर शहरातून नव्या रायपूरला हललं तेव्हा आमच्या खात्यातले सगळे वैतागले होते. मी मनातून खूश झाले. ऑफिसच्या बसमध्ये जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास, आणि मधे कोणी काही मागायला येत नाही. माझी पहिली कादंबरी मी त्या बसमध्येच लिहिली, मोबाइलवर, अंगठ्यानं. प्रकाशक मिळाला नाही म्हणून स्वतःच छापली. रायपुरात ती वाचणार कोण? चौबे कॉलोनीतल्या ओळखीच्या मराठी घरी प्रत दिली की मोठी माणसं चष्म्याचं कारण सांगायची, आणि त्यांची मुलं विचारायची, आंटी, हिंदी में नहीं है क्या.

म्हणून दुसऱ्या कादंबरीच्या वेळी माझ्या मुलीनं सूत्रं हातात घेतली. ती कॉलेजात होती. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतच. वाचक नागपूर-पुण्याकडे आहेत आणि ते मोबाइलवरच सापडतील, हे तिचं म्हणणं खरंच होतं. ती म्हणाली, "मम्मी, रोज कुछ न कुछ डालना पड़ेगा, नहीं तो लोग भूल जाएँगे।"

बसमधला लिहायचा वेळ त्यातच गेला. स्वतःची पुस्तकं स्वतः छापणाऱ्यांचा एक गट होता, त्यात मला घेतलं. मी तुमच्या पोस्टला छान म्हणायचं, तुम्ही माझ्या. मी न वाचता भराभर 'अप्रतिम' लिहीत सुटायची. एकदा असंच लिहून झाल्यावर वर नजर गेली, तर गटातल्या एका बाईंनी वडील गेल्याचं कळवलं होतं. मी घाबरून ते खोडायला गेले, तोवर त्यांनी माझ्या 'अप्रतिम'ला हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं. त्यांनीही वाचलं नव्हतं. तरी पुढच्या थांब्यापर्यंत मी आणखी चार पोस्टींना छान म्हणून मोकळी झाले.

शेवटची दोन प्रकरणं राहिली होती. माझं लिखाण तपासणाऱ्या ताई नागपूरच्या, निवृत्त शिक्षिका, शब्दाला पक्क्या. छापखान्याची तारीख ठरलेली होती आणि सोमवारी त्यांना प्रकरणं हवी होती. मी त्यांना कळवलं होतं की मला ताप आहे. ताप नव्हता. मी आठवडाभर पुस्तकाची जाहिरात करत होते.

त्याच रविवारी मुलीनं ठरवलं की लेखिका लिहिताना दाखवायची. आमचं जेवणाचं टेबल तिला पसंत नव्हतं. जुन्या रायपुरात, बूढ़ापाऱ्यात, माझ्या आत्याकडे वरच्या खोलीला खिडकी आहे, तिथून तलाव दिसतो. तिथे जायचं ठरलं. फुवाजी, म्हणजे आत्याचे यजमान, रेल्वेत होते, ते गेल्यापासून आत्या एकटीच राहते. माझं पहिलं पुस्तक तिनं दोनदा वाचलं होतं, आणि दुसऱ्यातली बाई शेवटी नवऱ्याकडे परत जाते का, हे ती मला दर भेटीत विचारायची.

मुलीनं माझे केस मोकळे सोडायला लावले. हातात वही आणि शाईचं पेन दिलं. तिच्या सूचना चालू होत्या: बाहेर बघा, विचार करा, मग लिहा, थोडं हसा. पेन हलतं ठेवायचं म्हणून मी तूर डाळ, साबण, गॅस लावणे असं लिहिलं. मग तेच परत. मग नुसत्या वेलांट्या.

आत्याला वाटलं, मी खरंच लिहून राहिले. तिनं टीव्ही बंद केला. शिट्टी व्हायच्या आत कुकर उतरवला. शेजारीण दही मागायला आली, तिला जिन्यातूनच ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं. तांदूळ निवडायला घेतले होते, ताटात आवाज होतो म्हणून तेही बाजूला ठेवून ती दाराआड स्टुलावर बसून राहिली. दोन तास.

नंतर पानं वाढताना तिनं विचारलं, "झालं का गं शेवटचं? मले वाचून दाखव न."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी वही उघडली आणि पहिल्या कादंबरीतला एक परिच्छेद, पाठ होता तो, वाचल्यासारखा म्हणू लागले. तिसऱ्या वाक्याला तिनं थांबवलं.

"हे तं मागच्या पुस्तकातलं होय."

तिनं वही माझ्या हातून घेतली, दूर धरून वाचली. पान उलटलं. पुन्हा वाचलं.

"मंग मी कुकर काहून बंद केला?" ती म्हणाली.

रागावली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. मी व्हिडिओचं सांगितलं. ती म्हणाली की पेन हातात होतं, दोन तास होते, कोणी त्रास देत नव्हतं, तर मग लिहूनच टाकायचं होतं. मुलगी मधे हसून म्हणाली, नानी, सब ऐसे ही करते हैं. आत्यानं कच्चट राहिलेला भात आमच्या पानात वाढला आणि आम्ही तो गुमान खाल्ला.

व्हिडिओ चालला. काय ती तंद्री, ही खरी साधना, असं लोक लिहीत होते. सोमवारी बसमध्ये मी एकेक वाचत गेले आणि मला बरं वाटत होतं. त्या बरं वाटण्याची किळस आजही जात नाही. ऑफिस यायच्या आत ताईंचा निरोप आला: व्हिडिओ पाहिला, ताप उतरलेला दिसतो, प्रकरणं पाठवा.

मी आणखी एक थाप टाइप केली, मग पुसली आणि फोन लावून खरं सांगितलं. ताई म्हणाल्या, आता दुसऱ्यांचं काम हातात घेते, ते संपल्यावर तुमचं. छापखान्याची तारीख हुकली.

मी गट सोडला. कोणी विचारलं नाही. मुलीला म्हटलं, आठवड्याला एक पोस्ट, आणि त्यात मी दिसणार नाही. ती महिनाभर घुश्शात होती. ती दोन प्रकरणं लिहायला मला दोन महिने लागले, कारण बसमध्ये बसलं की अंगठा आपोआप भलतीकडे जायचा. तो व्हिडिओ काढून टाक म्हटलं तर मुलगी म्हणाली, सबसे ज़्यादा ऑर्डर उसी से आते हैं. खरं होतं. तो अजून तिथेच आहे.

पुस्तक आलं तेव्हा पहिली प्रत घेऊन आम्ही आत्याकडे गेलो. तिनं हात पुसले, चष्मा लावला आणि उभ्या उभ्याच शेवटचं पान काढून वाचू लागली. ओठ हलत होते. मुलीनं हळूच मोबाइल वर धरला. मी पाहिलं आणि थांबवलं नाही. क्षणभर मलाही वाटलं, उजेड चांगला पडलाय.

आत्याच्या लक्षात आलं. तिनं पुस्तक मिटलं, पदराखाली धरलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार ओढून घेतलं.