आत्याचा बिनतोड मुद्दा

दारातला कडुनिंब छाटला की त्या कडू वासाबरोबर मला आत्याचा मुद्दा आठवतो आणि डोकं पुन्हा तापतं.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. खालापूरजवळच्या आमच्या गावात देवीची लस टोचणारा आला, तेव्हा आत्याने तिच्या धाकट्या चंपीला भाताच्या रिकाम्या कणगीत लपवलं.

"मागल्या साली तो आला नि आठ दिसांत आमचा बैल मेला," ती म्हणाली.

"अगं आत्या, बैलाला कुठं टोचलं होतं?"

"कर्जतला शिकलीस म्हणून मला शिकवतेस काय गं? माझ्या आयशीला कोणी टोचलं नव्हतं. जगली ना?"

आजीच्या दोघी बहिणी देवीनेच गेल्या होत्या. पण त्या थोड्याच साक्ष द्यायला येणार होत्या!

त्याच उन्हाळ्यात चंपीला देवी आल्या. घरभर कडुनिंबाच्या पाल्याचा वास कोंदला. पोरगी वाचली. तिला पहिली आंघोळ घातली त्या दिवशी आत्या मला म्हणाली, "बघ! न टोचता जगली का नाय?"

कपाळ! मी तणतणत निघून गेले. आता मात्र मला तिचा हात दिसतो. बोलताना तो चंपीच्या गालावरचे व्रण झाकत होता.