येते म्हणायचं असतं

आमच्या ताईची पन्नाशी उलटली, गुडघे धरलेत, आणि आत्ताआत्तापर्यंत रोज सकाळी ती एकोणीस वर्षांच्या नवरीसारखी लाजायची. पोटासाठी. शेजारच्या मोठ्या देशातल्या मालिका आपल्याकडे आपल्या भाषेत दाखवतात ना, त्यांतल्या सगळ्यांत गाजलेल्या मालिकेतल्या नायिकेचा आवाज ताईचा. नायिका पडद्यावर ओठ हलवायची आणि ताई एका कोंदट खोलीत हेडफोन लावून त्या ओठांत शब्द बसवायची. रडायचं असलं की बसून, चिडायचं असलं की उभं राहून. पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो.

मालिका फुकट येतात, हीच तर मेख. आमच्या टीव्ही केंद्रावर पूर्वी स्वतःची नाटकं व्हायची, ताई त्यांत कामं करायची. मग शेजाऱ्यांनी मालिका भेट दिल्या. फुकट ते पौष्टिक म्हणत आमच्या शहाण्यांनी नाटक विभाग बंद केला आणि त्या हॉलमध्ये मोडक्या खुर्च्या भरल्या. शेजाऱ्यांचं सगळंच भेट. त्यांच्या सांस्कृतिक केंद्रात भाषेचे वर्ग फुकट, वाचनालयातली थंड हवा फुकट, वर्षाअखेरीला कॅलेंडर फुकट. दात तपासायचं शिबिरसुद्धा. दमदाटी केली असती तर निदान मोर्चा तरी काढला असता. हे लोक हसतात आणि चहा घेणार का विचारतात. त्यांच्याशी माणसाने भांडायचं तरी कसं?

त्या केंद्रातर्फे डबिंगवर देखरेख करायला एक गृहस्थ यायचे. माझ्यासाठी ते गोडबोल्या. आमची भाषा रीतसर शिकून आलेले, बोलले की पाठ्यपुस्तक वाचल्यासारखं वाटायचं. नायिका घरातून निघताना जे म्हणते, त्याचं भाषांतर त्यांनी ‘जाते मी’ असं पक्कं केलं होतं. ताई पहिल्याच दिवशी अडली.

“अहो, असं कुणी म्हणत नाही. निघताना ‘येते’ म्हणायचं असतं.”

“पण ती तर जाते आहे.”

“जातेय म्हणूनच येते म्हणायचं!”

“किती सुंदर भाषा आहे तुमची,” गोडबोल्या म्हणाले, आणि ‘जाते मी’ कायम ठेवलं. वर कारण काय, तर ओठ जुळत नाहीत. तिकडच्या शब्दात ओठ मिटतात, ‘येते’ म्हणताना मिटत नाहीत. ताई संध्याकाळभर आरशापुढे तोंड वेडंवाकडं करत बसली आणि दुसऱ्या दिवशी तिने ‘येते मी’ म्हणून दाखवलं. मिटले की नाही ओठ? गोडबोल्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना चहा पाजला. राहिलं मात्र ‘जाते मी’च. मंजूर होऊन आलेलं बदलता येत नाही म्हणे.

मालिका वर्षानुवर्षं चालली आणि शहरातली पोरं ‘जाते मी’, ‘जातो मी’ म्हणत मोठी झाली. त्यांत आमची भाचीही, ताईची एकुलती एक. मी वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे हा तमाशा रोज कानावर. भाची दारातून ओरडायची, “जाते मी!” आतून ताई, “येते म्हण गं!” “तेच ते, आई.” “तेच ते नाही!” तोवर पोरगी कोपऱ्यावर पोचलेली असायची. ज्या आवाजाने तिला हे शिकवलं तोच आवाज स्वयंपाकघरातून बोंबलत होता, आणि त्याला घरात काडीची किंमत नव्हती.

पुढे भाचीला शेजाऱ्यांची शिष्यवृत्ती मिळाली. त्यांच्या राजधानीत शिक्षण, राहणं-जेवण सगळं त्यांच्याकडून. भावोजींनी फोन करकरून निम्मं शहर जागं केलं. ताई मात्र एक दिवस मला म्हणाली, “तिकडे शिकायला गेलेलं एक पोर परत आलेलं दाखव मला.” मी पुष्कळ आठवून पाहिलं. गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंचा धाकटा आठवला, पण तो आईच्या आजारपणात चार दिवस येऊन गेला होता. त्याला काही परत येणं म्हणत नाहीत.

नेमकी त्याच सुमारास मालिका संपत आली. शेवटच्या भागात नायिका माहेरचा निरोप घेऊन परदेशी निघते. ताईने सांगून टाकलं, ‘येते मी’ म्हणू देणार असाल तर मी बोलेन, नाहीतर दुसरी कुणी बघा.

“अगं, पोरीची जागा त्यांच्याच हातात आहे,” मी डोक्याला हात लावला. “एका शब्दापायी कशाला वाकड्यात शिरतेस?”

“माझं ती ऐकत नाही. त्या बाईच्या तोंडून आलेलं सगळं ऐकते. एकदाच ऐकू दे तिला.”

गोडबोल्या लगेच कबूल झाले! शेवटचा भाग तुमच्या मनासारखा, म्हणाले. इतक्या वर्षांची तयार ठेवलेली भांडणं ताईला तशीच घरी आणावी लागली.

तो भाग आम्ही सगळ्यांनी एकत्र पाहिला. नायिका दारात वळली, डोळे भरून म्हणाली, “येते मी.” ताई पडद्याकडे बघतच नव्हती, लेकीकडे बघत होती. आणि लेक फिस्सकन हसली.

“आई, काय गं हे! ती चाललीय आणि येते काय? शेवटच्या भागात चूक केलीस!”

एवढ्यात फोन वाजला. आमच्या टीव्ही केंद्राचे संचालक, म्हणजे आपलाच माणूस. प्रेक्षकांचे फोनवर फोन येत होते. “बाई, लोक हसताहेत. पुन्हा दाखवायच्या आधी दुरुस्त करून द्या.” आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कुणाला? ताई दुसऱ्या दिवशी गेली आणि ‘जाते मी’ बोलून आली. तिथे तिची समजूत घातली ती एकट्या गोडबोल्यांनी, याचा मला आजही संताप येतो.

भाची निघाली त्या सकाळी गाडी दारात उभी होती. भावोजी उगाच टायर तपासत होते. ती ताईच्या पाया पडली, उठली आणि म्हणाली, “जाते मी, आई.”

“आज तरी येते म्हण.”

भाची या वेळी हसली नाही. “मला कळतं गं त्याचा अर्थ. परत येईन म्हणायचं ना? पण मला तिकडेच राहायचंय, आई. तुला सांगायचं राहून गेलं होतं. मग खोटं कसं बोलू?”

ताईचा चेहरा पडला. पण क्षणभरच. मग ती अशी कडाडली की गाडीवाल्यानेही मान बाहेर काढली.

“मग बोल की खोटं! पोटासाठी जन्मभर मी बोललेच ना? तुला आईसाठी एकदा बोलता येत नाही?”

भाची माझ्याकडे बघायला लागली. मी तिची बॅग उचलून गाडीत ठेवली.