हिरवळीचे विश्वस्त

धाकटे साहेब कसल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि येताना एक शब्द घेऊन आले. स्टुअर्डशिप. नळाच्या तोट्या बनवणाऱ्या आपल्या कारखान्यात सगळ्यांना जमवून त्यांनी जाहीर केलं, "आजपासून इथे कुणी नोकर नाही. प्रत्येक जण विश्वस्त!" टाळ्या पडल्या. पगाराचं काय, असं मागून कुणीतरी विचारलं, तेवढ्यात चहा आला.

जावक विभागातल्या तात्यांच्या वाट्याला फाटकासमोरची हिरवळ आली. सोबत छातीवर लावायचा बिल्ला.

घरी बायकोने बिल्ला उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे करायचं काय?"

"वस्तू आपली नसते, पण आपली समजून जपायची."

"अगंबाई! मग लग्न झाल्यापासून मी तुमच्या आईचं घर जपतेय, ते काय होतं?"

तात्यांना एकदम काहीतरी काम आठवलं.

सबंध नोकरीत त्यांच्या हाताखाली कधी कुणी आलं नव्हतं. आता आलं ते गवत. तात्यांनी मनावर घेतलं. तण उपटलं, खत टाकलं, भोवती दोरी बांधली. दुपारी सगळे त्याच गवतावर बसून डबे खायचे, तात्यासुद्धा. ते बंद झालं.

"गवताला विश्रांती हवी," तात्या म्हणाले.

"आणि आम्हाला?" लेथवरच्या पैलवानाने विचारलं.

"तुमच्यावर अजून कुणी नेमलेला नाही."

मंडळी स्कूटरच्या शेडमध्ये उभ्याउभ्या जेवू लागली. तात्या टेबलाशी एकटेच. कुणी भाजी पुढे करीना, की यांच्याकडची मागेना. गवत मात्र असं तरारलं की तात्या खिडकीतून पाहत राहायचे आणि पोळी तोंडातच राहायची. इतकं सुंदर झालंय, आणि कौतुक करायला शेजारी कुणी नाही, याचा त्यांना रागही यायचा.

मग साहेबांनी पाहुणे आणले, कारखान्याची विश्वस्तवृत्ती दाखवायला. मंडपाचे खांब हिरवळीतच ठोकले गेले. दोरी साहेबांनीच ओलांडली, पाठोपाठ वीसेक बूट.

"साहेब, गवत!" तात्या धावत आले.

"अहो तात्या, गवतासाठीच तर चाललंय सगळं," साहेब हसले. "जरा बाजूला व्हा, फोटोत येताय."

पुढच्या पिढीसाठी काय काय जपावं, यावर भाषणं झाली. पाहुणे गेल्यावर जागोजागी खड्डे उरले आणि खाली चिखल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यांनी दोरी सोडली. डबा घेऊन शेडपाशी गेले. तिथे बराच वेळ उगीचच घसा खाकरला.

"चला, तिकडे बसू या."

"आणि गवताची विश्रांती?" पैलवान म्हणाला.

"झाली एकदाची."

कुणीतरी फिसकन हसलं. पैलवानाने खड्डा चुकवून बसकण मारली, सरकून जागा केली आणि न विचारता तात्यांच्या झाकणात भाजी वाढली. भाजी खारट होती. तात्यांनी पुन्हा मागितली.