काय काढणार ते आधी सांगा

उमापूरच्या मंगलचा डॉक्टरांवर काडीचा विश्वास नव्हता. बारा वर्षांमागं, सत्तावीस वर्षांची असताना, पाळीच्या दुखण्यासाठी ती एका खासगी दवाखान्यात गेली होती. तिथल्या डॉक्टरानं पिशवी सडलीय, काढली नाही तर कॅन्सर होईल, असं बजावलं आणि दुसऱ्याच दिवशी काढूनही टाकली. पुढं ऊसतोडीला गेल्यावर कळलं, टोळीतल्या आणखी तीन बायांना त्यानं हेच शब्द ऐकवले होते.

म्हणून यंदा डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना धाप लागायला लागली, तेव्हा तिनं तोंडातून शब्द काढला नाही. पाय सुजले. छातीत पाखरू फडफडल्यासारखं व्हायचं. नवरा बंकट म्हणाला, पित्त असेल. तिनं ओवा खाल्ला, सोडा प्यायला. एक दिवस फळीवर पाय ठेवताच डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती मोळीसकट खाली बसली. मग बंकटनं तिचं काही ऐकलं नाही, सरळ बीडच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "लहानपणी घसा दुखून ताप आला आणि मग गुडघे, घोटे सुजले होते का?"

मंगल चपापली. आठव्या वर्षी सुजले होते खरे, महिनाभर आई तिला उचलून फिरायची. पण हे बंकटलाही ठाऊक नव्हतं. मग हिला कुणी सांगितलं? बाई समजावत होत्या की त्या तापानं हृदयातली झडप आकसत गेलीय, रक्त पुढं सरकत नाही, मागं फुफ्फुसात तुंबतं, म्हणून धाप लागते. मंगलनं नुसती मान हलवली. बाहेर आल्यावर बंकटला म्हणाली, "लई गोड बोलती. मला भरवसा न्हाई."

चौथ्या दिवशी भावाकडं जाते म्हणून ती एकटीच माजलगावला गेली. बीडचे कागद घरी पेटीत कुलपात ठेवले होते. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टराला तिनं धाप लागते, एवढंच सांगितलं. त्यानंही नळी नेमकी त्याच जागी टेकवली, आणि गुडघ्यांचंच विचारलं. दोघं आतून मिळालेले असतील का? पण कुणाकडं जायचं हे तिनं माजलगावच्या स्टँडवर उतरल्यावर ठरवलं होतं.

ती परत बीडला आली. टूडीच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या पडद्यावर तिचं हृदय धडधडताना दिसत होतं. बाईंनी बोट ठेवलं; झडप अर्धीसुद्धा उघडत नव्हती. मंगल पडद्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "काय काढणार ते आधी सांगा."

बाईंना कळेना. मंगलनं पदर सारून पोटावरचा व्रण दाखवला. बाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"काहीच काढायचं नाही," त्या म्हणाल्या. "मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयात न्यायची, टोकाचा फुगा फुगवून झडप मोकळी करायची. फुगाही परत बाहेर येतो."

"कागदावर लिवून द्या."

त्यांनी लिहून दिलं. तो कागद मंगलनं दवाखान्यातल्या कुणाकडून नाही, स्टँडवरच्या एका अनोळखी कॉलेजच्या पोरीकडून वाचून घेतला. शब्दाला शब्द जुळला, तेव्हा ती तयार झाली.

संभाजीनगरला फुगा घातला तेव्हा ती शुद्धीवरच होती. संपल्यावर तिनं पोट, छाती, सगळीकडं हात फिरवून बघितला. जांघेत लहानशी पट्टी, बाकी काही नाही. आठवड्यानं भावाच्या घराचा जिना ती एका दमात चढली आणि वर पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं की मधे कुठं थांबलीच नाही.

ओझं उचलायचं नाही, आणि तो ताप पुन्हा उलटू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायचं, असं तिला सांगितलंय. ते ती चुकवत नाही. मात्र औषधाची बाटली तिच्या डोळ्यांसमोर उघडावी लागते. सिस्टर वैतागते, तरी त्याआधी मंगल सुई टोचू देत नाही.